तळात हात घालणारे चिंधानाना

आमच्या समोर राहणाऱ्या चिंधानानांच्या सदऱ्याची उजवी बाही मी डावीपेक्षा चार बोटं सैल शिवतो. नवं गिऱ्हाईक ते बघून विचारतं, "रुपचंद टेलर, आज सकाळीच घेतली का?" तसं काही नाही. नाना रतिलाल शेठच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, पारखी आहेत. खेड्यावरून कापसाची गाडी आली की नाना बाही खांद्यापर्यंत सारतात आणि हात पार तळापर्यंत घालतात. वरचा कापूस बघतच नाहीत. "वरचा सगळ्यांचाच पांढरा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तळातला मूठभर काढायचा, दाबायचा, हुंगायचा, आणि सांगायचं. "कवडी आहे" म्हणाले की माल किडका. "ओल आहे, कापा" म्हणाले की वजनातून तेवढे शेर गेले. शेतकरी पाऊण तास शिव्या घालतो, आणि मग कापू देतो. कारण आजवर नानांनी कुणाचं जास्त कापलं नाही आणि कुणाचं कमी कापलं नाही. पगार शेठचा, पण मूठ कुणाचीच नाही, असं पंचक्रोशीत बोलतात.

नानांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून आईनं हे मूल एका चिंधीच्या मोलानं विकत घेतल्यासारखं केलं आणि नाव ठेवलं चिंधा, म्हणजे यमाला वाटावं, माल हलका आहे, राहू दे. यमसुद्धा वरवर माल बघून फसतो, हे ज्याच्या नावातच आहे, तो स्वतः वरवर बघून काय घेणार? खानदेशाचे दोन तुकडे होऊन जळगावाला कलेक्टर आला, त्या साली नाना गावाकडून इथे आले. तेव्हापासून त्यांनी जिनात आणि जिनाबाहेर एकच धंदा केला. पंगतीत वाढप्याला सांगतात, "तळातलं वाढ." मुलीला स्थळ बघायला गेले तर बैठकीत टेकलेच नाहीत, सरळ धान्याच्या कणगीत हात. वर गहू, कोपराखाली भुसा. नानांनी हात झटकला, पाव्हण्यांना राम राम केला आणि चहासुद्धा न घेता परतले.

अशा माणसाला छत्तीस सालच्या थंडीत पोरांच्या शास्त्राचा परीक्षक केला, त्याची ही हकिकत.

त्या साली आमच्या गावात शेतकीचं प्रदर्शन भरलं. कमिटीत दोन तट होते, वकिलांचा आणि व्यापाऱ्यांचा. मंडपाचं तोंड पूर्वेला असावं की पश्चिमेला, यावर त्यांच्या तीन सभा झाल्या. शेवटी दोन्हीकडे तोंडं ठेवली, आणि मधून गार वारा असा वाहायला लागला की उद्घाटनाचं भाषण निम्म्यात आटोपलं. कमिटीचं तेवढं एकच काम लोकांना पसंत पडलं.

प्रदर्शनात एक नवीन विभाग होता, 'मुलांचे शास्त्रीय शोध'. चौदा वर्षांखालच्या मुलानं स्वतः काहीतरी शोधायचं, रोजची वही ठेवायची. पहिल्याला चांदीचं पदक आणि पितळी दांड्याचं भिंग. एक परीक्षक धुळ्याहून येणारे शाळाखात्याचे इन्स्पेक्टर साहेब, हे ठरलं. दुसरा स्थानिक हवा. वकिलांनी सुचवलेला व्यापाऱ्यांना चालेना, व्यापाऱ्यांचा वकिलांना. कुणीतरी कंटाळून म्हणालं, "मग चिंधानानांना बसवा!" सगळे हसले. हसून झाल्यावर लक्षात आलं की या एका नावाला कुणाचीच हरकत नाही.

नाना म्हणाले, "मला शास्त्र कळत नाही."

"नाना, पोरांना तरी कुठं कळतंय?" मी म्हणालो.

"मग जमेल," म्हणाले.

आता इथे माझीही थोडी बाजू सांगून टाकतो, नाहीतर पुढं कुणीतरी सांगेलच. माझा मगनही त्या स्पर्धेत होता. विषय होता, कोणत्या माठात पाणी जास्त गार राहतं? लाल, काळा आणि जुना शेवाळलेला. पाण्याची उष्णता मोजायला काचेची नळी आम्ही नानांच्याच घरून मागून आणली होती, यशोदाकाकूंच्या तापाची. मगननं तीन दिवस मोजलं आणि चौथ्या दिवशी तो विटीदांडू खेळायला गेला. वही तर निदान सतरा दिवसांची हवी. तेव्हा बापाचं कर्तव्य म्हणून उरलेले चौदा दिवस मी एका बैठकीत भरले. आकडे कसे सुरेख उतरत गेले होते! शिवणीच्या टाक्यांसारखे.

पहिल्या दिवशी दोघे परीक्षक पोरांच्या टेबलांवरून फिरले. इन्स्पेक्टर साहेबांकडे छापील तक्ता होता. हस्ताक्षर वीस, टापटीप वीस, देखावा वीस, वक्तृत्व वीस, निष्कर्ष वीस.

नानांनी तक्ता उलटा करून पाहिला. "साहेब, शोध कुठल्या रकान्यात बसतो?"

"तो निष्कर्षात आलाच."

"आणि निष्कर्ष मांडव घालायच्या आधीच तयार असला तर?"

साहेबांनी चष्मा पुसला.

पहिलंच टेबल एका वकिलाच्या मुलाचं. पत्र्याचं आगगाडीचं इंजिन, धूर सोडणारं, शिटी वाजवणारं. भुसावळच्या कारखान्यातल्या काकांनी केलेलं, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. साहेबांनी खुशीनं ब्याण्णव मार्क टाकले. नाना खाली वाकले. "बाळ, हे करताना तुला असं काय कळलं, जे आधी ठाऊक नव्हतं?"

पोरगं प्रामाणिक. म्हणालं, "पत्र्याला डाग देताना हात भाजला की काका लई शिव्या देतात."

"बरोबर शोध आहे. वहीत लिहिलास का?"

"नाही."

"मग काय उपयोग?"

मग मगनचं टेबल. मी मागं उभा, छाती काढून. नानांनी वही चाळली, नळी उचलून उजेडात धरली. "रुपचंद, इकडं ये. दहाव्या दिवशी काळ्या माठाचं पाणी किती?"

"एकाहत्तर," मी म्हणालो. मला सगळं पाठ होतं, मगनला नव्हतं.

"या नळीवर एकाहत्तर कुठाय, दाखव."

मी पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं, हे कबूल करतो. नळीवरचे आकडे पंचाण्णवपासून सुरू होत होते. तापाची नळी ती! माणूस मेला तरी ती एकाहत्तर दाखवत नाही.

"माठ फार गार असेल नाना," मी म्हणालो.

"असेल," नाना म्हणाले. "नळी तेवढी परत दे. काकूला कणकण वाटतेय."

चौथं की पाचवं टेबल रमणिकचं. बारा वर्षांचा, रतिलाल शेठचा नातू. टेबलावर देखावा म्हणाल तर कापसाची दोन गाठोडी, किराण्याचा तराजू आणि तांब्याची एक थाळी. बस्स. पोरगं बोलताना अडखळत होतं, अक्षर कोंबडीच्या पायांचं. साहेबांनी निष्कर्षाचं पान उलटलं तर ते कोरं. वीसपैकी शून्य टाकून ते पुढं गेले. नाना मात्र तिथंच थांबले आणि वही बगलेत मारून घरी घेऊन आले.

झालं. संध्याकाळी चौकात बातमी, नानांनी शेठच्या नातवाची वही खास घरी नेली. बातमी कुणी पसरवली असं विचाराल तर मी एकट्यानं नाही, पण सुरुवात माझ्या दुकानातून झाली असावी. नळीचा राग होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धरणगावकडचा कौतिक पाटील नानांच्या ओट्यावर येऊन बसला. वर्षाला दहा-बारा गाड्या कापूस घालणारा माणूस, बोलायला तोंडफाटका.

"नाना, ते पोरगं शेठनं शे ना?"

"शे."

"त्यालेच पयला नंबर दिधात, तं आम्ही काय समजानं? मंग तुमनी मूठ बी शेठनीच शे, असंच ना? बठ्ठा बजारमा हाईच बोलनं चाली ऱ्हायनं."

"निकाल उद्या आहे, कौतिकभाऊ."

"उद्याच देखसूत. मंग सोमवारे गाडी कोठे लावानी ते बी देखसूत." असं म्हणून तो गेला. म्हणजे सरळ अर्थ असा की, शेठच्या नातवाला पदक गेलं तर नानांच्या मुठीवर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि मुठीवर विश्वास नाही, तर तीस वर्षं हेच करत आलेल्या त्या माणसाजवळ दुसरं उरतं काय? एक सैल बाही.

तासाभरानं स्वतः रतिलाल शेठ आले. गाडी चौकात सोडून चालत आले, म्हणजे सगळ्यांना दिसावं. मागं गड्याच्या डोक्यावर केळांची पाटी.

"चिंधाभाई, छोकऱ्यानं चाळीस दिवस मेहनत केली हो. रोज सकाळ-संध्याकाळ तराजू, तराजू. घरातले सगळे हैराण! जरा जोजो, बघा."

"शेठ, तुम्ही वही वाचली?"

"मला कुठं वखत?"

"वाचा की. इथंच आहे. बसा."

"अरे, नंबर पहिला आला म्हणजे वाचल्यासारखंच आहे!" शेठ हसले आणि निघाले. पाटी ओट्यावर राहिली. नानांनी ती गड्याच्या डोक्यावर पुन्हा चढवून दिली. वरच्या फणीखाली हात घालून मात्र पाहिला. सवयीचा हात तो. खालची केळी काळी पडलेली होती.

मी समोरून सगळं बघत होतो. उठलो आणि ओट्यावर गेलो. नानांनी वही माझ्या हातात दिली. "तू वह्या भरण्यातला माणूस आहेस. वाच."

पोरानं काय केलं होतं, सांगतो. दोन दोन शेर रुईची, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाची, दोन गाठोडी बांधली. एक घरच्या खिडकीत ठेवलं, दुसरं आजोबांच्या गोदामात रुईच्या ढिगावर. कापूस हवेतली ओल किती पितो, हे त्याला बघायचं होतं. दव पडलं की नाही ते कळावं म्हणून रोज संध्याकाळी अंगणात तांब्याची थाळी ठेवायची, सकाळी बोट फिरवून बघायचं. आणि रोज वहीत एक ओळ. बहुतेक दिवस साधे होते. दव असलं की दोन्ही गाठोडी तोळा-दीड तोळा जड, ऊन पडलं की परत हलकी. मध्येच, 'आज मांजर गाठोड्यावर झोपलं, वजन धरू नये.' एके ठिकाणी, 'काल माप चुकलो होतो, आज पुन्हा केलं.'

आणि मधूनमधून अशी एक ओळ येई. 'आज थाळी कोरडी. घरचं गाठोडं जसंच्या तसं. गोदामातलं सात तोळे जड. कारण समजलं नाही.'

चाळीस दिवसांत अशा नऊ ओळी. कुठं सात तोळे, कुठं नऊ. प्रत्येकीच्या शेवटी तेच, 'कारण समजलं नाही.'

मी वही मिटली आणि नानांकडं पाहिलं. नानांनी माझ्याकडं. अहो, गावातल्या कुत्र्यालाही ते कारण ठाऊक आहे! ज्या दिवशी मुंबईच्या वॅगनी भरायच्या, त्याच्या आदल्या संध्याकाळी शेठचा भिस्ती नूर महंमद पखाल घेऊन गोदामात शिरतो. रुईवर पाणी मारतो. 'धूळ बसावी म्हणून.' धूळ बसते आणि वजन उठतं. पोरगं पाच वाजता तराजू आवरून घरी जात असे, त्यामुळं सगळ्या जळगावात ही गोष्ट ठाऊक नसलेला तेवढा एकच माणूस.

"तारखा मी ताडून पाहिल्या," नाना म्हणाले. "नऊच्या नऊ."

"नाना, तुम्हाला हे आज कळलं?"

"थट्टा करू नकोस. मला ठेवलंय ते आत येणाऱ्या मालाची ओल बघायला. बाहेर जाणाऱ्याची नाही." मग म्हणाले, "पोराला पदक दिलं तर कौतिक म्हणेल, विकला गेला. का दिलं ते सांगितलं तर शेठ जिनातलं माझं स्टूल काढून घेईल."

"मग देऊच नका! इंजिनाला द्या. वकीलही खूष, साहेबही खूष, शेठला चार दिवस राग."

नानांनी आपल्याच छातीवर थाप मारली. "वर पांढरं, खाली कवडी? नाही रे. तेवीस पोरांत खरी वही ही एक आहे. ती शेठच्या घरात निघाली, हा काय पोराचा गुन्हा?"

माझ्या ओठांवर मगनचा विषय होता. तो मी गिळला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघा परीक्षकांचं बिनसलं. मंडपामागच्या राहुटीतून मोठमोठ्यानं आवाज येत होते, आणि राहुटीची कनात मीच शिवलेली, त्यामुळं फट कुठं आहे ते मला ठाऊक.

"अहो, पण निष्कर्षच नाही!" साहेब म्हणत होते. "नऊ वेळा कारण समजलं नाही म्हणतो! अज्ञानाला पदक द्यायचं?"

"साहेब, माझ्याकडं गाडी येते. जो म्हणतो माझा सगळाच माल एक नंबर, त्याच्या गाडीत मी दोनदा हात घालतो. जो म्हणतो, तळात थोडी कवडी आहे, किती ते मला सांगता येत नाही, त्याची गाडी मी डोळे झाकून घेतो. या पोरानं मांजर झोपलं तेसुद्धा लिहिलंय. बाकी बावीस वह्यांत एकदाही मांजर झोपलं नाही, एकदाही माठ फुटला नाही. इतकं चांगलं नशीब बावीस घरांत असतं होय?"

साहेबांना चाळीसगावमार्गे धुळ्याला जाणारी गाडी गाठायची होती. घड्याळ बघत म्हणाले, "ठीक. पण कारणं तुम्ही स्वतः व्यासपीठावरून वाचून दाखवायची. जबाबदारी तुमची."

मंडप खचाखच भरला होता. पुढच्या खुर्च्यांवर शेठ-वकील, मागं सतरंज्यांवर शेतकरी, कौतिक बरोब्बर मध्ये. नाना उठले. उजवी बाही सवयीनं वर सारली. "पहिला नंबर," म्हणाले, "रमणिक. रतिलाल शेठचा नातू."

पुढच्या रांगेत टाळ्या. शेठच्या तर सगळ्यांत मोठ्या. मागं चिडीचूप. मग कौतिकचा आवाज, "व्हई ग्यं! समजनं!" शेतकरी उठायला लागले.

"बसा," नाना म्हणाले. "कारणं वाचायची आहेत." आणि अक्षरावर बोट ठेवून, सावकाश, शाळेतल्या पोरासारखं वाचायला लागले.

"मार्गशीर्ष वद्य तृतीया. थाळी कोरडी. घरचं गाठोडं जसंच्या तसं. आजोबांच्या गोदामातलं सात तोळे जड. कारण समजलं नाही."

उठलेले लोक अर्धवट वाकून थांबले.

"वद्य नवमी. थाळी कोरडी. गोदामातलं आठ तोळे जड. कारण समजलं नाही."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. ज्यांच्या गाडीतल्या ओलीचे शेर दर हंगामात कापले जातात, ती माणसं एकमेकांकडं बघायला लागली. तिसऱ्या ओळीला कौतिक खाली बसला आणि मांडीवर हात आपटायला लागला. पाचव्या ओळीला नानांना शेवट वाचावाच लागला नाही. "नऊ तोळे जड," ते म्हणाले, आणि सगळा मंडप एका सुरात गर्जला, "कारण समजलं नाही!"

शेठच्या टाळ्या अजून चालूच होत्या. सहाव्या ओळीपर्यंत त्यांना काय झालं ते कळलं नव्हतं. सातव्याला हात हवेतच राहिले. पण सगळ्यांचे डोळे तिकडं, आणि नातू आपला, पदक आपल्या घरातलं. बिचाऱ्यांना टाळ्या वाजवाव्याच लागल्या. इतक्या जड टाळ्या मी आयुष्यात ऐकल्या नाहीत. मागं दाराशी पखालवाला नूर महंमद उभा होता, तो हळूच बाहेर सटकला. पखाल मात्र तिथंच विसरला.

इन्स्पेक्टर साहेब गोंधळले. "हे काय चाललंय? तुम्हाला कारण ठाऊक आहे का?"

"आहे साहेब," नाना म्हणाले. "पण मार्क पोराला द्यायचे आहेत, मला नाही."

"नाना," कौतिक मागून ओरडला, "मंग तुमले कितला मार्क?"

मंडप हसला. नाना हसले नाहीत. "मला शेवटचा नंबर लावा, कौतिकभाऊ. मला वीस वर्षं कारण ठाऊक होतं, आणि मी एक ओळ लिहिली नाही."

 

सोमवारी मी मुद्दाम दुकान उशिरा उघडलं आणि जिनाच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. स्टूल जागेवर होतं. शेठ बनिया माणूस. त्यांनी हिशेब केला असणार की आता नानांना काढलं तर सगळ्या खानदेशाला कारण समजेल. सगळ्यांत पुढं कौतिकची गाडी. बैल सोडायला तयार नाही. "पयले शेठनी रुई देखा," म्हणाला. "मंग आमना कापूस."

नानांनी गादीवरच्या शेठकडं पाहिलं. शेठ चोपडीत तोंड खुपसून बसलेले, जसं काही ऐकूच आलं नाही. नाना उठले, गोदामात गेले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा शेठच्या ढिगात खांद्यापर्यंत हात घातला. सगळा बाजार गोदामाच्या दारात. मूठ बाहेर आली. दाबली, हुंगली.

"कोरडी."

शेतकऱ्यांनी असा गलका केला की बैल बिथरले. कौतिकनं फेटा सावरला, हसत हसत गाडी पुढं घेतली. आज आपल्याला कोण काय कापणार! नानांनी त्याच बाहीनं हात त्याच्या गाडीत घातला. तळापर्यंत.

"ओल आहे. चार शेर कापा."

धरणगावच्या रस्त्याला लागेपर्यंत कौतिक नानांना शिव्या देत होता, आणि त्याच्या मागच्या गाड्या निमूटपणे रांगेत उभ्या होत्या. अशा शिव्या खाताना नानांचा चेहरा इतका प्रसन्न मी फार दिवसांत पाहिला नव्हता.

रमणिक परवा भिंगासाठी कापडी पिशवी शिवून घ्यायला आला होता. वही अजून चालूच आहे म्हणाला. "काका, एक गंमत झाली. पदक मिळाल्यापासून गोदामातलं गाठोडं थाळी कोरडी असताना एकदाही जड झालं नाही."

"मग काय लिहिलंस?"

त्यानं वही उघडून दाखवली. अक्षर तसंच, कोंबडीच्या पायांचं. 'कारण समजलं नाही.'